अडलेली जागा घेऊन या : विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात रुजू होणाऱ्या इंटर्नसाठी

मानसशास्त्रात एम.ए. करणारे विद्यार्थी दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात इंटर्न म्हणून रुजू होतात, तेव्हा त्यांच्या हाती एक वेळापत्रक पडते. त्यात विद्यार्थ्यांबरोबरच्या सेशनचे तास असतात, सुपरव्हिजनचा, म्हणजे वरिष्ठांबरोबर आपल्या सेशनचा आढावा घेण्याचा, तास असतो आणि आठवड्यातून एकदा सेमिनार असतो. सेशनची सर्वांनाच धास्ती असते आणि सुपरव्हिजनबद्दल उत्सुकता असते. सेमिनारकडे मात्र बरेच जण हजेरीपुरते पाहतात. अशा सेमिनारांत मी आधी शिकणारी म्हणून बसले आणि आता शिकवणारी म्हणून बसते. इंटर्नशिपमध्ये माणूस घडतो तो मुख्यतः याच खोलीत, असे माझे मत झाले आहे, आणि तिथे कसे बसावे हे कोणी सांगत नाही म्हणून हा लेख.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, अशी एक सूचना त्यांत आहे. म्हणजे आज इंटर्न असलेल्यांपैकी अनेक जण एक-दोन वर्षांत एखाद्या महाविद्यालयात एकट्याने काम पाहत असतील. शेजारच्या खोलीत जाऊन विचारावे असे कोणी तिथे नसेल. विचारण्याची सवय लावून घ्यायला हे एकच वर्ष हाताशी आहे.

पहिली पायरी : रुजू होण्याआधीचा आठवडा

या आठवड्यात पाठ्यपुस्तके पुन्हा वाचण्यापेक्षा विद्यापीठाचा परिसर पायी फिरून पाहा. विद्यार्थी कल्याण विभाग, शिष्यवृत्तीची खिडकी, आरोग्य केंद्र, वसतिगृह अधीक्षकांचे कार्यालय आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार स्थापन झालेली अंतर्गत समिती यांची ठिकाणे आणि वेळा वहीत लिहून ठेवा. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ पाठ असू द्या. टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, ती चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. या माहितीचा मनाशी काय संबंध, असा प्रश्न पडेल; पण शिष्यवृत्तीची रक्कम न आल्याने मेसचे बिल थकलेला आणि त्यामुळे रात्री झोप न लागणारा विद्यार्थी समोर बसतो, तेव्हा दीर्घ श्वसनाच्या आधी त्याला ती खिडकी कुठे आहे हे सांगावे लागते.

केंद्रातील वरिष्ठांना तीन गोष्टी आधीच विचारून घ्या : तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा, ती व्यक्ती उपलब्ध नसेल तर कोणाला, आणि सेशनच्या नोंदी कुठे व कशा ठेवायच्या. ही उत्तरे पहिल्या सेमिनारमध्ये मिळतील असे गृहीत धरू नका.

दुसरी पायरी : गोपनीयता बोलून पाहणे

बहुतेक केंद्रांत पहिला सेमिनार गोपनीयतेवर असतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे आणि त्याचे अपवादही तिथेच आहेत : जिवाला असलेला धोका, दुसऱ्या कोणाला होऊ शकणारी इजा, न्यायालयाचा आदेश आणि असेच काही. अठरा वर्षांखालील मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक असते. पहिल्या वर्षात सतरा वर्षांचे विद्यार्थी असतात, हे लक्षात ठेवावे. हे सर्व वाचून समजते. अडचण येते ती बोलताना.

विभागप्रमुख जिन्यात भेटतात आणि मायेने विचारतात, "तो आमचा मुलगा येतो ना गं तुमच्याकडे? जरा लक्ष दे त्याच्याकडे." समोर आपले गुरुजन असतात, हेतूही चांगला असतो आणि तोंडून "हो सर" निघून जाते. एवढ्या दोन शब्दांनी गोपनीयता मोडलेली असते. म्हणून सेमिनारमध्ये हा प्रसंग उभे राहून करून पाहा आणि आपले वाक्य आपल्या तोंडी बसवा : "सर, केंद्रात कोण येतं आणि कोण येत नाही, दोन्ही आम्हाला सांगता येत नाही. कोणाची काळजी वाटत असेल, तर त्याला केंद्राचा नंबर जरूर द्या." गावाहून आईचा फोन येतो, तेव्हाही वाक्य असेच लागते; फक्त स्वर वेगळा असतो. "काकू, तुमची काळजी मला कळते आहे" असे म्हणून थांबता आले पाहिजे, आणि पुढचे तपशील मुलाच्या संमतीशिवाय सांगता येत नाहीत, हे त्या माउलीला न दुखावता सांगता आले पाहिजे.

विद्यापीठाच्या केंद्रात आणखी एक पेच असतो. तुम्हीही तिथलेच विद्यार्थी असता. सकाळी सेशनला आलेली मुलगी दुपारी कँटीनच्या रांगेत पुढे उभी असते. तिने ओळख दाखवली तर हसावे, नाही दाखवली तर आपणही दाखवू नये, आणि हे पहिल्याच भेटीत तिला सांगून ठेवावे. समोर आलेली व्यक्ती मैत्रिणीची रूम पार्टनर निघाली, तर ती केस दुसऱ्या इंटर्नकडे द्यावी. आणि सेमिनारच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणत्याही केसविषयी, नाव न घेतासुद्धा, एक ओळही लिहू नये.

तिसरी पायरी : तिघांचा सराव

ऐकण्याच्या सरावासाठी तिघांचे गट केले जातात : एक बोलणारा, एक ऐकणारा, एक निरीक्षक. इथे नवे इंटर्न एक चूक हमखास करतात. बोलणाऱ्याची भूमिका मिळाली की ते एखादी भयंकर कहाणी रचतात. त्याऐवजी स्वतःची खरी पण लहानशी गोष्ट आणा, उदाहरणार्थ बहिणीशी झालेली कुरबूर किंवा उशिरा दिलेले असाइनमेंट. लहान गोष्टीत ऐकणाऱ्याला लपायला जागा नसते. फार खोलवरची जखम मात्र या सरावात उघडू नका. त्यासाठी स्वतःचा समुपदेशक असावा.

निरीक्षकाचे काम सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत शिकवणारे आहे. "छान ऐकलंस" हा अभिप्राय कामाचा नाही. बोलणाऱ्याने कुठे श्वास घेतला, ऐकणाऱ्याने कोणत्या क्षणी विषय बदलला, "पण" हा शब्द किती वेळा आला, हे लिहून ठेवा आणि तेच सांगा.

चौथी पायरी : शब्द जसाच्या तसा

या पायरीवर मी अधिक वेळ थांबणार आहे, कारण मराठी इंटर्नचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते.

आपण मानसशास्त्र इंग्रजीतून शिकतो, सेशन मराठीतून घेतो आणि नोंद पुन्हा इंग्रजीतून लिहितो. या दोन उड्यांमध्ये विद्यार्थ्याचे बोलणे हरवते. मी इंटर्न असताना एक मुलगी म्हणाली होती, "सुट्टीत घरी गेलं की घर खायला उठतं." मी इंग्रजीत नोंद केली की घरात तणाव आहे, आणि पुढच्या दोन सेशनमध्ये घरातली भांडणे शोधत राहिले. सेमिनारमध्ये केस मांडली तेव्हा वरिष्ठांनी एवढेच विचारले, "ती नेमकं काय म्हणाली?" मी मूळ वाक्य उच्चारले आणि त्याच क्षणी माझी चूक मला ऐकू आली. घर खायला उठते ते रिकामे झाल्यावर. तिला वाढवणारी आजी गेली होती, आणि मी तिला भांडणांविषयी विचारत होते.

म्हणून नियम असा करा की सेमिनारसाठी आणायच्या शब्दशः नोंदीत विद्यार्थ्याची वाक्ये तो ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत लिहायची, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी, अहिराणी असेल तर अहिराणी. सेशन संपल्यावर पंधरा मिनिटे राखून ठेवा आणि आठवेल तेवढे संवादरूपात उतरवा. पान उभे दुभागून डावीकडे काय बोलले गेले ते लिहा आणि उजवीकडे त्या क्षणी तुमच्या मनात काय आले ते. उजवी बाजू लिहायला संकोच वाटतो. "मला कंटाळा आला", "मला त्याच्या वडिलांचा राग आला", "आता काय बोलू हे सुचेना" ही वाक्ये तिथे आली, तर नोंद चांगली झाली असे समजा.

'टेन्शन' या शब्दाकडे विशेष लक्ष द्या. महाराष्ट्रातला विद्यार्थी परीक्षेच्या भीतीला टेन्शन म्हणतो, प्रेमभंगाला टेन्शन म्हणतो, कर्जाला म्हणतो आणि कित्येक आठवड्यांच्या उदासीलाही तेच म्हणतो. "टेन्शन म्हणजे तुला काय काय होतं?" एवढा प्रश्न विचारला, की छातीतली धडधड, मन न लागणे, जेवण न जाणे अशी वेगवेगळी उत्तरे येतात आणि तिथून कामाला सुरुवात होते.

आठवणीतून लिहिलेली नोंद अपुरी असते, हे खरेच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी ओहायो स्टेट विद्यापीठात १९४० च्या सुमारास सेशन तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून विद्यार्थ्यांना ऐकवायला सुरुवात केली आणि १९४२ मध्ये एका संपूर्ण केसची शब्दशः संहिता प्रसिद्ध केली. पुढे १९४५ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठात समुपदेशन केंद्र उभारले. आपल्या केंद्रात ध्वनिमुद्रणाची सोय असेल तर तिचा उपयोग करा. मात्र विद्यार्थ्याची लेखी संमती घ्या, नकार दिला तरी सेवेत फरक पडणार नाही हे त्याला स्पष्ट सांगा, आणि वैयक्तिक मोबाइलवर काहीही मुद्रित करू नका. मुद्रण ऐकताना ते कुठे थांबवायचे हे सेशन घेणाऱ्यानेच ठरवावे, अशी एक पद्धत मानसशास्त्रज्ञ नॉर्मन केगन यांनी मिशिगन स्टेट विद्यापीठात १९६० च्या दशकात विकसित केली. "इथे माझ्या मनात काय चाललं होतं?" एवढेच त्या जागी बोलायचे. नवख्या माणसाला ही पद्धत फार मानवते, कारण चूक दाखवणारे बोट त्याचे स्वतःचेच असते.

पाचवी पायरी : केस मांडणे

तुमची पाळी येईल तेव्हा विद्यार्थ्याचा संपूर्ण इतिहास घेऊन येऊ नका. नाव, गाव, विभाग आणि ओळख पटेल असा प्रत्येक तपशील बदला किंवा गाळा. वर्गातल्या एकाने जरी ओळखले, तरी नुकसान झालेले असते. पार्श्वभूमी पाच मिनिटांत संपवा. मग सेशनमधली अशी दहा मिनिटे मांडा जिथे तुम्ही अडलात, आणि शेवटी एकच प्रश्न ठेवा. "या केसबद्दल तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न फार सैल आहे. "ती रडू लागली तेव्हा मी लगेच पाण्याचा ग्लास पुढे केला. तो कोणासाठी होता, तिच्यासाठी की माझ्यासाठी?" या प्रश्नावर सेमिनारचा तास कमी पडतो.

नीट पार पडलेले सेशन मांडण्याचा मोह सर्वांना होतो. गुण मिळवण्याची सवय पंधरा-सोळा वर्षांची असते, ती एका महिन्यात जात नाही. परंतु जिथे गाठ बसली आहे ती जागा दाखवली नाही, तर ती सोडवायला इतरांना काही मिळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तोच विद्यार्थी त्याच गाठीसह तुमच्या समोर येऊन बसतो.

मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये डॉक्टरांसाठी केसचर्चेचे गट सुरू केले. त्या परंपरेतल्या गटांत पुढे रूढ झालेली एक रीत आम्ही वापरतो : मांडणी झाली की मांडणारा खुर्ची थोडी मागे घेतो आणि काही वेळ गप्प राहून गटाचे बोलणे ऐकतो. त्याला खुलासे करता येत नाहीत. पहिल्यांदा हे फार जड जाते. पण आपण ज्याला 'आळशी' म्हटले त्या मुलाविषयी दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेले दिसते, तेव्हा आपण काय पाहिले नव्हते ते कळते. गटात असाल तेव्हा सल्ले देऊ नका. मांडणी ऐकताना तुम्हाला काय वाटले ते सांगा.

आपली सामाजिक जागाही याच सेमिनारमध्ये उघडी पडते, आणि ती पडू द्यावी. शहरात वाढलेला इंटर्न सहज म्हणतो, "घरच्यांशी मोकळेपणाने बोल." ज्या मुलीचे शिक्षण 'यंदाचं वर्ष होऊ दे, मग स्थळं बघू' या एका तडजोडीवर चालू आहे, तिला हा सल्ला घातक ठरू शकतो. वसतिगृहात आडनावावरून जात विचारली जाते तेव्हा मुलाच्या पोटात येणारा गोळा हा त्याच्या 'अवाजवी विचारांचा' परिणाम नसतो. गटातल्या एखाद्या सहकाऱ्याने तुम्हाला हे दाखवून दिले, तर बचाव न करता त्याचे म्हणणे लिहून घ्या.

सहावी पायरी : जिवाला धोका असेल तेव्हा

हा सेमिनार कोणत्याही कारणाने चुकवू नका. चुकलाच, तर सेशन घेण्याआधी वरिष्ठांकडून तो भरून काढा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. तुमच्या वर्षभरात हा विषय घेऊन कोणी ना कोणी येईल, असे धरूनच तयारी ठेवावी.

पहिला सराव प्रश्न विचारण्याचा. आपल्याकडे सवयीने विचारले जाते, "काही वेडंवाकडं तर मनात येत नाही ना?" या वाक्यातला 'ना' समोरच्याकडून नकार मागतो, आणि 'वेडंवाकडं' हा शब्द त्या विचाराला आधीच लाजिरवाणा ठरवतो. विद्यार्थी "नाही, नाही" म्हणतो आणि दोघांनाही सुटल्यासारखे वाटते. त्याऐवजी डोळ्यांत पाहून, सावकाश, असे विचारा : "इतका त्रास होतो तेव्हा काहींच्या मनात आत्महत्येचा विचार येतो. तुझ्या मनात येतो का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. हे वाक्य सेमिनारमध्ये प्रत्येकाने मोठ्याने म्हणावे, आवाज कापणे थांबेपर्यंत म्हणावे.

दुसरा सराव उत्तर ऐकण्याचा. "कंटाळा आलाय", "नकोसं झालंय", "रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये", "संपवून टाकावं" ही चार वाक्ये एकाच पातळीवरची नाहीत. पण कोणते वाक्य किती गंभीर आहे, हे ऐकणाऱ्याने अंदाजाने ठरवायचे नसते. प्रत्येकानंतर विचारावे लागते : काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, आज रात्री सोबत कोण आहे.

केंद्रात पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्राथमिक चाचणी करणारी प्रश्नावली वापरत असतील, तर तिच्याविषयी एक पथ्य पाळा. ती मागील दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारते, एकूण गुण ० ते २७ असतात, आणि बेरीज १० किंवा त्याहून अधिक आली तर पुढे तपासावे असे मानले जाते. परंतु नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयीचा आहे. बेरीज ६ असली तरी तिथे शून्याशिवाय दुसरे काही लिहिलेले असेल, तर त्यावर विद्यार्थी खोलीत असतानाच बोलायचे असते. प्रश्नावली न वाचता फायलीत ठेवण्याइतकी धोकादायक गोष्ट केंद्रात दुसरी नाही.

सुरक्षा आराखडा म्हणजे धोक्याच्या क्षणी काय करायचे आणि कोणाला हाक मारायची याची विद्यार्थ्याबरोबर आधीच केलेली लेखी योजना. त्यासाठी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांची सहा टप्प्यांची मांडणी बहुतेक ठिकाणी शिकवली जाते : धोक्याच्या खुणा, स्वतः करता येण्यासारख्या गोष्टी, मन रमवणारी माणसे व ठिकाणे, मदत मागता येईल अशी माणसे, तज्ज्ञ व सेवा, आणि परिसर सुरक्षित करणे. आराखडा विद्यार्थ्याच्या शब्दांत आणि शक्यतो त्याच्याच अक्षरात लिहा. शेवटचा टप्पा घाईत उरकू नका. दिवाळीच्या सुट्टीत शेतकऱ्याघरी जाणाऱ्या मुलाबरोबर घरातली फवारणीची औषधे कुलपात कोण ठेवील, किल्ली कोणाकडे राहील, इथपर्यंत बोलावे लागते.

"हे सांगितलं तर पोलीस केस होईल का?" असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. मनातला विचार सांगणे हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्न केलेल्या व्यक्तीविषयीही मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चे कलम ११५ असे गृहीत धरते की ती तीव्र ताणाखाली होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ सारखी आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षेची तरतूद ठेवलेली नाही. हे साध्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

आणि इंटर्नने ही जबाबदारी एकट्याने पेलायची नसते. धोका जाणवला की विद्यार्थ्याला एकटे न सोडता, तो केंद्रात असतानाच सुपरव्हायझरला बोलवा. "उद्या सांगेन" हा पर्याय नाही.

सातवी पायरी : उपचारपद्धतींचे सेमिनार

इथे थोडक्यात सांगते, कारण याविषयी वाचायला भरपूर मिळते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची १९५५ पासूनची विवेकनिष्ठ पद्धती, म्हणजे मनातला हट्टी विचार तपासून बदलण्याची पद्धत, आपल्याकडे लोकप्रिय आहे, आणि मराठीत ती शिकवण्याची एक सोयही आहे : आपला हट्ट बहुधा 'च' या एका अक्षरात बसलेला असतो. "पास व्हायला हवं" आणि "पास व्हायलाच हवं" यांतला फरक विद्यार्थ्याला स्वतःच्या कानांनी ऐकू येतो. मात्र नवे इंटर्न दुसऱ्याच सेशनमध्ये तो 'च' काढायला निघतात. मुलाला आपण ऐकले गेलो असे अजून वाटलेलेच नसते. एखादी पद्धत शिकलात की सेमिनारमध्ये विचारा, "हे कधी वापरू नये?"

आठवी पायरी : असहमती आणि थकवा

समोर मॅडम किंवा सर असताना "मला हे पटत नाही" म्हणणे आपल्या शिक्षणव्यवस्थेने शिकवलेले नाही. सुरुवातीला "मला हे पटायला वेळ लागतोय, पुन्हा बोलू का?" असे म्हणा. चांगला शिक्षक थांबेल. सेमिनारमध्ये कोणाला पाणउतारा सहन करावा लागत असेल, तर ते केंद्रप्रमुखांना सांगणे हा तुमचा हक्क आहे.

सेशननंतर झोप उडणे, विशिष्ट विद्यार्थ्याच्या दिवशी डोके दुखणे, घरच्यांचे साधे बोलणेही नकोसे होणे, या खुणा लपवू नका. त्या सुपरव्हिजनला सांगा आणि स्वतःसाठी केंद्राबाहेरचा समुपदेशक शोधा.

शेवटची पायरी : निरोप

मार्च उजाडला की परीक्षा येतात आणि इंटर्नशिप संपत येते. निरोपाचा सेमिनार तेव्हा असतो, पण तयारी त्याआधीच करावी लागते. प्रत्येक विद्यार्थ्याला किमान तीन सेशन आधी सांगा की तुम्ही अमुक तारखेपर्यंत इथे आहात. काही जण "ठीक आहे" म्हणतील आणि पुढच्या सेशनला येणार नाहीत. त्यांना एकदा फोन करा आणि ती गोष्ट सेमिनारमध्ये मांडा. स्वतःचा मोबाइल क्रमांक देऊ नका, कितीही वाटले तरी. ज्यांचे काम पुढे चालू राहणार आहे, त्यांच्या संमतीने एक पानाची हस्तांतर नोंद लिहा : विद्यार्थी कशासाठी आला, काय झाले, काय उरले, सुरक्षा आराखडा आहे का आणि असल्यास कुठे ठेवला आहे. शक्य असेल तर शेवटच्या सेशनमधली दहा मिनिटे नव्या समुपदेशकाला खोलीत बोलवा आणि दोघांची ओळख तुम्ही स्वतः करून द्या.